तीस सेंटीमीटर

माझ्या डाव्या डोळ्याच्या कागदावर ‘तीस’ असा आकडा लिहिलेला होता आणि तो धादांत खोटा होता. त्या कागदाची आठवण झाली की अजून डोक्यात तिडीक जाते. आणि तो आकडा दुसऱ्या कुणी नाही, मीच माझ्या तोंडानं दिलेला होता, हे आठवलं की ती दुप्पट होते.

मी जन्मभर धारवाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. घर मराठी, शाळा कानडी, त्यामुळे दोन्ही भाषा मला सारख्याच. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना ‘अक्कोर’ म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सप्तापुरातल्या भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना मी अक्कोरच आहे. दहावीला डोळ्याचा धडा असायचा. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं, वय वाढलं की ते ताठर होतं आणि मग जवळचं दिसेनासं होतं. हे मी इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. म्हणजे फसायचं तर निदान मी तरी फसायला नको होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. डाव्यात जास्त, म्हणून हुबळीच्या एका खासगी दवाखान्यात आधी डावा करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी तिथल्या एका बाईनं मला आणि ‘ह्यांना’ समोर बसवून चकचकीत पुस्तिका उघडली. ही लेन्स साधी नाही, मेडम. ही आत स्नायूबरोबर पुढे-मागे सरकते. लांबचं, मधलं, जवळचं, सगळं आपोआप. चष्मा विसरून जा. मी मान डोलावली. वर्गात एखाद्या मुलानं असं काही सांगितलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं करून ‘किती सरकते, काढून दाखव’ म्हटलं असतं. इथे मात्र समोर दवाखाना आणि आपण पेशंट, त्यामुळे तोंडाला कुलूप.

ऑपरेशन उत्तम झालं, हे कबूल करायलाच हवं. पट्टी निघाल्यावर हुबळी-धारवाडच्या चिगरी बसची पाटी मला थांब्यावरून वाचता आली. गच्चीवरून नारळाच्या झावळ्या वेगवेगळ्या दिसल्या. मी लहानपणापासून मायनस नंबरवाली. लांबचं मला कधी बिनचष्म्याचं दिसलंच नव्हतं, त्यामुळे आठ दिवस मी उगाच सगळ्यांच्या भिंतींवरच्या पाट्या वाचत हिंडले. ह्यांनी दोनदा हात धरून मला रस्त्याच्या कडेला ओढलं.

नवव्या दिवशी कशिदा घेतला. निवृत्तीनंतर शेजारच्या कानडी बाईंकडून मी कसूती शिकले. या कशिद्यात कापडावर पेन्सिलीनं नक्षी काढत नाहीत आणि गाठ मारत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. जाताना एक आड एक टाका, परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. उलट्या बाजूनंही नक्षी सुलटीसारखीच दिसली पाहिजे. आमच्या पुतणीसाठी मी एका इरकल साडीच्या पदरावर गोपुरं काढत होते. त्या दिवशी गेले, परत आले, आणि शेवटचा टाका पहिल्याला भेटलाच नाही. एक धागा चुकला होता. उसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा चुकलं. मग सहज डावा डोळा मिटून बघितलं. उजव्या, मोतीबिंदूवाल्या, गढूळ डोळ्यानं मला धागे मोजता येत होते. नव्या डोळ्यानं कापड नुसतं लाल दिसत होतं.

मला रडू नाही आलं, राग आला. लांबचं जग मला कधीच नीट दिसलं नव्हतं, त्याचं दुःखही नव्हतं. पण जवळचं माझं होतं. चष्मा काढून नाकाशी धरलं की सुईचं नेढं, मुंगीचे पाय, मुलांच्या वहीत रबरानं खोडलेलं पहिलं उत्तर, सगळं मला दिसायचं. ते डाव्या डोळ्यातून गेलं होतं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. उरला होता उजवा. त्यातही हीच लेन्स घालायची तारीख ठरलेली होती.

पहिल्या तपासणीला मी हे सगळं सांगितलं. तपासणाऱ्या बाई तिशीच्या असतील, चटपटीत, बोलायला गोड. त्यांनी माझा उजवा डोळा झाकून एक मोजपट्टीसारखा लांब दांडा माझ्या गालाच्या हाडाला टेकवला. दांड्यावर सेंटीमीटरच्या खुणा आणि त्यावर मागे-पुढे सरकणारी एक चौकोनी डबी. डबीच्या चार बाजूंना चार प्रकारच्या खुणा. एका बाजूला बारीक अक्षरात कानडी मजकूर: नम्म ऊरिन केरे दोड्डदु. आमच्या गावचं तळं मोठं आहे. तळ्याकाठी वडाचं झाड आहे. झाडाखाली गुरं बसतात. अशी चारपाच वाक्यं. ते मोठ्यानं वाचत राहायचं, बाई डबी जवळजवळ आणत राहणार, आणि अक्षरं विरली की सांगायचं. त्या जागेचा आकडा म्हणजे तुमचा डोळा किती जवळचं पकडू शकतो त्याचं माप. धडा माझाच होता, फक्त आता मी बाकावर होते.

मी वाचलं. बाईंनी डबी आणली, थांबवली आणि विचारलं, “मंजु आतेनरी?” म्हणजे धूसर झालं का. मी म्हटलं, हो. “तीस. छान!” असं म्हणून त्यांनी लिहून टाकलं.

“अहो, पण मला धागे दिसत नाहीत,” मी म्हटलं.

“तीस आलंय, मेडम. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो.”

“मग तोवर जवळचा चष्मा तरी द्या.”

“चष्मा लावला तर लेन्सला काम करायची सवय लागणार नाही. आणि तीसला कशाला लागतो चष्मा?”

डॉक्टरांनी कागद बघितला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “टीचर, रिझल्ट फार छान आहे. दुसराही असाच करू.” मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. वय झालं, हात कापत असेल, कशिद्याचं कापडच वाईट असेल. असं मी स्वतःला समजावलं, याचाही मला आता रागच येतो.

दुसरी तपासणी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात होती. ऑपरेशन मंगळवारी, आम्ही गेलो त्याच्या आधीच्या गुरुवारी. बाहेरच्या बाकावर पेशंटांची रांग. माझ्या शेजारी एक साठीला टेकलेले गृहस्थ बसले होते, तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे. मी अक्कोर आहे हे त्यांना दोन मिनिटांत कळलं आणि ते मोकळे झाले. आमचं बोलणं कानडीतच झालं, पण इथे मराठीत लिहिते.

“अक्कोरे, माझे दोन्ही डोळे झाले. दुसरा गेल्या महिन्यात. तीच ती सरकणारी लेन्स. पण मायक्रोमीटरवरच्या रेषा दिसत नाहीत हो. चार जॉब चुकीच्या मापाचे कापले गेले, लोखंड वाया गेलं. साहेबानं मला लेथवरून काढून पॅकिंगला बसवलंय. म्हणतो, रिपोर्ट चांगला आहे तर दिसत कसं नाही, कामाचा कंटाळा आला असेल. घरी मुलगाही तेच म्हणतो.”

“किती आलंय तुमचं?” मी विचारलं.

“तीस,” ते म्हणाले. “तुमचं?”

“तीस.”

आतून, अर्ध्या पार्टिशनच्या पलीकडून, कुणीतरी म्हातारी मोठ्यानं वाचत होती: नम्म ऊरिन केरे दोड्डदु. तिच्यानंतरचा माणूस तेच. त्याच्यानंतरची बाई तेच. लेथवाले अण्णा बाकावर बसून ओठांत तेच पुटपुटत होते आणि खरं सांगायचं तर मीही पुटपुटत होते. तासभर दुसरं ऐकायला काही नव्हतंच.

माझी पाळी आली. हे माझ्याबरोबर आत आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. उजवा डोळा झाकला, दांडा गालाला टेकला. बाईंनी डबी सरकवायला सुरुवात केली आणि मी सुरू केलं: तळं मोठं, काठी वड, खाली गुरं. बाईंची नजर सेंटीमीटरच्या खुणांवर. डबी थांबली. “मंजु आतेनरी?” हो. “तीसच! बघा, सवय होतेय.”

बाहेर आलो. ह्यांचा स्वभाव फार कमी बोलण्याचा. आयुष्यभर सरकारी खजिन्यात नोकरी केली, तिथे बोलायची वेळ कमी आणि बघायची जास्त. जिन्यापाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “तू काय वाचत होतीस गं मघाशी?”

“काय म्हणजे? तळं. वड.”

“डबीची ती बाजू तुझ्याकडे नव्हती. तुझ्याकडे नुसती एक उभी रेघ होती आणि मध्ये ठिपका. बाईंनी डबी फिरवलीच नव्हती.”

रेघ आणि ठिपका! माझ्या डोळ्यासमोर हातभर अंतरावर रेघ होती आणि मी तिच्यावर तळं, वड आणि गुरं वाचून दाखवली होती. मला रेघ दिसली नव्हती. अक्षरं नाहीत हेही दिसलं नव्हतं. मी पाठ केलेलं उत्तर म्हटलं होतं, आणि बाईंनी विचारलं म्हणून त्यांना हवं ते ‘हो’ दिलं होतं. जन्मभर परीक्षेत मुलांच्या बाहीतल्या चिठ्ठ्या काढल्या, डेस्कच्या खाली वाकून बघितलं, आणि आज म्हातारपणी अक्कोरांनी स्वतः कॉपी केली आणि पहिला नंबर काढला.

“अहो, तिथेच का नाही बोललात?” मी ह्यांच्यावरच उखडले.

“मला वाटलं, डबीला आणखी एखादी बाजू असेल, मला न दिसणारी,” ते शांतपणे म्हणाले. माझा राग आणखी वाढला, कारण हे खरं होतं.

मी परत फिरले. हे ‘अगं, डॉक्टर आत आहेत, थांब’ म्हणत मागे आले. बाकावरची माणसं बघत होती. पार्टिशनच्या आत जाऊन मी बाईंना म्हटलं, “मी कॉपी केली.”

“काय म्हणालात, मेडम?”

“तुमच्या परीक्षेत मी कॉपी केली. बाहेर बसून सगळ्यांचं ऐकून पाठ केलं आणि आत येऊन म्हटलं. डबीवर आत्ता काय आहे ते बघा.”

बाईंनी डबी बघितली. रेघ आणि ठिपका. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मला त्यांची दया आली असती, पण टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि शिक्षिकेची सवय, माझी नजर तिकडे गेली. ते पान मला माझ्या उजव्या डोळ्यानं वाचावं लागलं. डावा मिटला, वाकले आणि वाचलं. उजवीकडच्या रकान्यात वरून खालपर्यंत: तीस, तीस, तीस, तीस. एका ठिकाणी एकतीस होतं, तेही खोडून तीस केलेलं.

सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं की शिक्षकानं काय समजायचं असतं, ते मला कुणी सांगायला नको. तासून घेतल्यासारखे इतके डोळे, बाकावरच्या सुताराचे, शिंप्याचे, अळणावरहून आलेल्या आजीचे, लेथवाल्याचे, सगळ्यांची अक्षरं नेमकी तीसलाच कशी विरतात? विरत नव्हतीच. बाई नेहमीच्या हातानं डबी त्याच जागी थांबवत होत्या, विचारत होत्या, आणि पेशंट मान डोलावत होता. दवाखान्यात विचारलं की माणूस हो म्हणतो. मीही म्हटलंच होतं की पहिल्या दिवशी, पुस्तिका बघून.

“हे रजिस्टर डॉक्टरांनी कधी बघितलंय का?” मी विचारलं.

“ते पेशंटचा कागद बघतात,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

मग मी रजिस्टर उचललं आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते शहाणे आणि सभ्य गृहस्थ होते, हेही सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी कुणालाच सोडत नाही. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, पिशवीतून कशिद्याची रिंग आणि शाळेतली फूटपट्टी काढली. “डॉक्टर, मंगळवारी तुम्ही माझ्या दुसऱ्या डोळ्यात हीच लेन्स घालणार आहात, या आकड्याच्या भरवशावर. हा आकडा मी पाठ करून सांगितलाय. आता मला काही विचारू नका. माझ्या तोंडाला विचारू नका. डोळ्याला विचारा.”

त्यांनी रजिस्टरच्या पानावर बोट फिरवलं. बोट खाली जाता जाता सावकाश झालं. मग त्यांनी खण उघडून एक हातात धरायचं यंत्र काढलं, टॉर्चसारखं, बारीक उजेडाची पट्टी टाकणारं. त्याच्या पुढच्या बाजूला छोटं अक्षरांचं कार्ड अडकवलं. खोली अंधारी केली. “आधी लांबच्या भिंतीवर बघा. आता या कार्डावर. वाचायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघा. पुन्हा भिंत. पुन्हा कार्ड.” मी बघत होते आणि ते उजेडाची पट्टी माझ्या बुबुळावर फिरवत माझ्या डोळ्याच्या आत बघत होते. लेन्स सरकली असती तर आतला उजेड बदलला असता, हे मला माहीत होतं. धडा माझाच.

शेवटी दिवा लावून म्हणाले, “हलत नाहीये.”

“किती?”

“शून्य, टीचर. लांबचं बघताना आहे तिथेच जवळचं बघताना आहे.”

पुस्तिकेतली पुढे-मागे सरकणारी लेन्स काचेच्या खिडकीसारखी ढिम्म बसलेली होती. त्यांनी तसंच लिहिलं. मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्यात साधी, एकाच नंबरची लेन्स घालायची, आणि ती जवळच्यासाठी. फूटपट्टी त्यांनी स्वतः धरली. मी रिंग नेहमी जिथे धरते तिथे धरली. अठ्ठावीस सेंटीमीटर. डाव्यानं बस बघायची, उजव्यानं धागे मोजायचे. माझं जवळचं मला परत मिळालं, म्हणजे गेलंच नाही. पण ते वाचवायला मला दवाखान्यात उभं राहून चोरीची कबुली द्यावी लागली, हे मी विसरणार नाही.

बाहेर आले तर लेथवाले अण्णा उठून उभेच होते. “एन बंतरी, अक्कोरे?” काय आलं?

मुलांना मार्क सांगताना मी कधी आडपडदा ठेवला नाही. “शून्य,” मी म्हटलं.

त्यांनी खिशातून आपला घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि तसाच धरून राहिले. दोन्ही डोळे झालेला माणूस. मी त्यांना दंडाला धरून आत नेलं. डॉक्टर म्हणाले, “यांच्या दोन्ही लेन्स बसवून झाल्या आहेत. आता मोजलं तरी लेन्स बदलता येणार नाहीत. मी यांना जवळचा चष्मा लिहून देतो.”

“चष्मा द्याच,” मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. “तो पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता. पण यांचं मोजा. या माणसाला कारखान्यात कामचुकार ठरवलंय तुमच्या तीसनं. लेन्स बदलू नका. कागदावर खरं लिहा.”

डॉक्टरांनी दिवा मालवला. भिंत, कार्ड, भिंत, कार्ड. उजवा, मग डावा. मी आणि हे भिंतीला टेकून उभे होतो. तपासणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या, रजिस्टर छातीशी धरून. दिवा लागला तेव्हा डॉक्टरांनी जुना आकडा आडवी रेघ मारून खोडला, वर नवा लिहिला आणि सही करून कागद अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी कागद हात लांब करून धरला. मग आणखी लांब. मान मागे नेली. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “अक्कोरे, काय लिहिलंय ते वाचून सांगा. उद्या साहेबाला दाखवायचं आहे.”

मी डावा डोळा मिटला आणि मंगळवारी जायचा होता त्या उजव्या, गढूळ डोळ्यानं त्यांना वाचून दाखवलं.